विदाचे अकरा चौकोन

विदोसावा राकोन्याच हे तिचं पूर्ण नाव, पण आमच्या कचेरीत एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. सगळे तिला विदा म्हणायचे. मी मात्र तिला 'आभाळातली बाई' म्हणायचो.

आमची कचेरी जिल्ह्याची पाऊसपाण्याची. लिंडनच्या झाडांखालची पिवळी, दुमजली इमारत. जूनमध्ये खिडक्या उघडल्या की लिंडनच्या फुलांचा वास आणि आमच्या जीपच्या धुराचा वास एकदमच आत यायचा. आता तिथे दातांचा दवाखाना झालाय. परवा दाढ काढायला गेलो तर खुर्ची नेमकी विदाच्या टेबलाच्या जागी. डॉक्टरला वाटलं म्हाताऱ्याला दाढेसाठी रडू येतंय. वाटेना का.

मी त्या कचेरीत पर्जन्यमापकांचा मिस्त्री होतो. येलावा नदीच्या खोऱ्यात जिथे जिथे पावसाचं मापक असेल तिथे जायचं, आतला कचरा काढायचा, मेंढ्यांनी अंग घासून वाकडं केलेलं सरळ करायचं. पाऊस म्हणजे भांड्यात पडतो तो, अशी माझी सरळ समजूत. विदा वरच्या मजल्यावर आली आणि मला कळलं, की तिचं काम उपग्रहांच्या अंदाजांवरून खोऱ्यातल्या अतिवृष्टीचा अभ्यास करायचं आहे. माझा जीवच जळला. उंटावरून शेळ्या हाकणारे ऐकले होते, ही तर थेट आभाळातून हाकणार.

"मग तुझा उपग्रह पाऊस मोजतो कसा गं? भांडं घेऊन जातो काय वर?" पहिल्याच आठवड्यात मी विचारलं.

"मोजत नाही, अंदाज करतो," ती म्हणाली. "ढगाचा माथा किती थंड आहे, आत बर्फाचे कण किती आहेत, ते बघतो. त्यावरून खाली किती पडत असेल ते सांगतो."

"म्हणजे माणसाचं टक्कल बघायचं आणि तो काय जेवला ते सांगायचं."

"हो. आणि तुझं टक्कल बघून सांगते ओब्राद, सकाळीच राकिया झालेली आहे."

झालेली होती, घरच्या फळांची दारू, एकच पेला. तेव्हापासून आमचं जमलं.

तिच्या पडद्यावर आमचं सगळं खोरं म्हणजे अकरा चौकोन होते. डोंगर, जंगल, गावं, कुरणं, माझी सगळी पायपीट, सगळं त्या अकरांत. दर अर्ध्या तासाला उपग्रहांकडून एक नवं चित्र यायचं आणि चौकोन रंग बदलायचे. फिका निळा म्हणजे भुरभुर, लाल म्हणजे पळा. आई झोपलेल्या पोराच्या छातीकडे बघते, तशी ती त्या चौकोनांकडे बघायची. लांब दांड्याच्या भांड्यात कॉफी उकळायची, दोन पेले भरायचे, आणि बघत बसायचं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कॉफी मी त्या खोलीत प्यायलो. आता घरी करतो ती नुसती काळी होते.

एका नोव्हेंबरात ती म्हणाली, "उद्या मी नाही. आमचा संत जॉर्ज आहे."

म्हणजे तिच्या घरची स्लावा, घराण्याच्या संताचा दिवस. आमच्याकडे लग्नाला बोलावतात, बारशाला बोलावतात, पण स्लावाला बोलावत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि आला त्याला दारातून परत पाठवत नाहीत. मी म्हटलं, एवढी कॉफी प्यायलोय हिची, जाऊन यावं. सकाळी बरी टोपी घातली, बाटली घेतली आणि पोद्वीर गावी तिच्या वडिलांच्या घरी पोचलो.

दार उघडंच होतं. दाराशी तिचे वडील, तिहोमीरकाका, उभे. उंच, ताठ, मिशा पांढऱ्या. मला बघून ते क्षणभर गोंधळले, मग घाईघाईनं आत वळून उकडलेल्या गोड गव्हाचं ताट घेऊन आले. मी चमचाभर गहू खाल्ले, छातीवर क्रूसाची खूण केली, आत गेलो. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल मांडलेलं. कोबीच्या पानातली सर्मा, भाजलेलं डुक्कर, लोणची, नक्षीचा पाव, मधोमध मेणबत्ती. आणि टेबलाशी कुणीही नाही. मला वाटलं मी फार लवकर आलो.

"बसा की काका तुम्हीपण," थोड्या वेळानं मी म्हटलं.

"यजमान बसत नाही."

"अहो मी एकटाच आहे. घास उतरत नाही तुम्ही असे उभे राहिलात की."

"एक असो नाहीतर शंभर असोत. पाहुणा बसतो, यजमान वाढतो. घे, सर्मा घे."

मी चार माणसांचं जेवलो. काका बाटली हातात धरून उभे, आणि रस्त्यावर कुणाचं पाऊल वाजलं की त्यांची मान तिकडे वळायची. पाऊल पुढे निघून जायचं. संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी आलं नाही. विदा स्वयंपाकघरात भांडी पुन्हा पुन्हा पुसत होती.

परतताना विदाही माझ्याबरोबर निघाली. जीपमध्ये मी विचारलं, "हे काय गं? मेलंय का सगळं गाव?"

तेव्हा तिनं सांगितलं.

पोद्वीरच्या वर येलावावर एक जुना बंधारा होता, तीन लोखंडी दारांचा. तिहोमीरकाका त्या दारांचे राखणदार. विदा शिकायला बाहेर होती तेव्हाची गोष्ट. जूनचा दिवस, गावात स्वच्छ ऊन, लोक गवत कापत होते. दुपारी काकांनी बघितलं, बंधाऱ्यामागचं पाणी वर चढतंय, मातकट, मुळांसकट झाडं घेऊन. बंधारा फुटेल म्हणून त्यांनी चाकं फिरवून तिन्ही दारं उघडली. त्यानंतर खालच्या आळीत पाणी घुसलं. जनावरं गेली, भिंती गेल्या, आणि मिलिसाव नावाचा माणूस स्वतःच्या घरात बुडाला. त्याची बायको स्तामेना बाहेर होती, ती वाचली.

गावानं काय पाहिलं? आभाळ निळं, पावसाचा थेंब नाही, आणि वर तिहोमीर चाक फिरवतोय. पाण्याला काय पाय फुटतात? सोडलं म्हणून आलं. काका सांगत राहिले, की वर गोलीनाच्या डोंगरात पाऊस पडला असणार. पण गोलीनात बघायला होतं कोण? तिथली गावं कधीच रिकामी झालेली. तिथलं एकुलतं एक मापक बंद पडलेल्या शाळेच्या आवारात, आणि त्यावर लक्ष ठेवणारा मास्तर मुलाकडे व्हिएन्नाला निघून गेलेला. रडारला त्या डोंगराआडचं दिसत नाही. चौकशी झाली, कागदावर लिहिलं गेलं की खोऱ्यात लक्षणीय पावसाची नोंद नाही. नोंदच नाही म्हणजे पाऊसच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

"खटला नाही झाला," विदा म्हणाली. "नोकरी गेली तेवढीच. गावानं शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त त्या वर्षी स्लावाला कुणी आलं नाही. मग पुढल्या वर्षीही नाही."

"मग बोलवा ना चार जणांना! फोन करायला काय जातं?"

"मी म्हटलं होतं. बाबा म्हणाले, बोलावून जेवू घातलं तर ते जेवण झालं, स्लावा नाही झाली."

बरोबरच होतं म्हाताऱ्याचं. बोलावता येत नाही, रागावता येत नाही, नुसतं टेबल मांडून वाट बघता येते. मला इतकं वाईट वाटलं की मी पुढचा अख्खा रस्ता विनोद केला नाही. विदानं हे काम कशासाठी धरलंय तेही त्या दिवशी कळलं. उपग्रह तेव्हाही वरून फिरत होते. कुणी माणूस नव्हता गोलीनात, पण त्यांनी त्या दुपारचं काहीतरी टिपून ठेवलेलं असणार.

"मग उघड की तो दिवस!" दुसऱ्या दिवशी कचेरीत मी म्हटलं. "एक कळ दाबायची. आत्ता कळेल."

"नाही."

"का नाही?"

"तुझं टकलाचं बोलणं आठव. उपग्रह चुकतो. किती चुकतो, कुठे चुकतो, ते आधी दुसऱ्या पावसांवरून ठरवायला हवं."

"मग तो दिवस बघ आणि नंतर ठरव."

"ओब्राद, मी त्यांची मुलगी आहे," ती शांतपणे म्हणाली. "तो दिवस आधी बघितला तर मला कळेल, कुठलं गणित कुठे वळवलं की बाबा सुटतात. मग मी प्रत्येक वेळी तिकडेच वळेन. आणि वळतेय हे मला कळणारसुद्धा नाही."

असली बाई! मी पुष्कळ शिकलेले बघितलेत, पण स्वतःच्या हातावर स्वतःच कुलूप लावणारी ही एकटीच.

मग सुरू झाली ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं. खोऱ्यात मोठा पाऊस झाला की ती उपग्रहाचा अंदाज आणि माझ्या मापकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायची. खाली सपाटीवर दोघांचं बरं जुळायचं. वर डोंगराकडे मात्र उपग्रह कमी सांगतो असा तिला संशय होता. तिकडे ढग डोंगराला टेकून बसतात, उंच चढत नाहीत, पण कोसळतात बदाबदा. उपग्रह त्यांचा माथा बघतो आणि म्हणतो, छे, हा कसला पडतोय.

"म्हणजे ठेंगू माणूस पोटभर जेवू शकत नाही असं त्याला वाटतं," मी म्हटलं.

"अगदी तसंच. आणि ते सिद्ध करायला मला गोलीनात मापकं हवीत."

आली का पंचाईत! गोलीनात मापक म्हणजे ओब्रादच्या पाठीवर मापक. जीप अर्ध्या वाटेत थांबायची, पुढे दगड, काटे, चिखल. विदा बरोबर यायची, खांब धरायची, आणि दमलो की पिशवीतून पाव, चीज, कांदा काढायची. वरून सगळं खोरं दिसायचं. ती बोटानं दाखवायची, हा माझा तिसरा चौकोन, तो पाचवा. मी म्हणायचो, त्या पाचव्यात माझी मोठी मावशी पुरलेली आहे, तिच्यावरून पाय देऊ नकोस. एक मापक अस्वलानं उपटून फेकलं. दुसऱ्यात एका उन्हाळ्यात पाऊसच पडेना. उपग्रह म्हणतोय रोज पडतोय, माझं मापक म्हणतंय कोरडं. मी छाती ठोकून सांगितलं, तुझा उपग्रह पिऊन आहे, आणि मिशीची पैज लावली. वर जाऊन झाकण काढलं तर गांधीलमाश्यांनी तोंडाशी पोळं बांधून ते बुजवून टाकलेलं. चार माश्या चावल्या, वर मिशीही गेली. कचेरीत मला ओळखेनात.

हळूहळू मापकांनीही तेच सांगितलं, जे तिला वाटत होतं. गोलीनावरच्या चौकोनांत उपग्रह नेहमी हात आखडता घेत होता, आणि किती घेत होता तेही आता ठरवता येत होतं. प्रत्येक वादळ तिनं तपासलं. तो एक दिवस सोडून.

आणि दर नोव्हेंबरात मी पोद्वीरला जाऊन तिहोमीरकाकांच्या टेबलाशी एकटा बसायचो. माझा पट्टा दोन भोकं पुढे सरकला. काका दरवर्षी थोडे वाकलेले दिसायचे. एकदा मला रागच आला. म्हटलं, "काका, अहो कशाला एवढं रांधता? मी काय डुक्कर आहे का?"

"आणि आलेच सगळे, तर?" ते म्हणाले.

मी आणखी एक सर्मा घेतली.

अखेर एका वसंतात, दुपारच्या कॉफीला, ती म्हणाली, "आज उघडते. बसशील?"

मी बसलो. तिनं तो जूनचा दिवस मागवला. चित्रामागून चित्र येऊ लागलं. सकाळी अकराही चौकोन कोरडे. मग दुपारकडे गोलीनावरचे तीन निळे झाले, गडद निळे झाले, लाल झाले. आणि तसेच राहिले. पोद्वीरचा चौकोन शेवटपर्यंत कोरडा.

मी तोंडात मूठ घातली. तिनं गोलीनासाठी ठरवलेली वाढ त्यात घातली, तो सगळा पाऊस संगणकातल्या नदीत सोडला, नदीचं पाणी बंधाऱ्यापर्यंत आणलं. मग ते गणित दोनदा चालवून बघितलं, दारं उघडली असती तर आणि उघडली नसती तर. दोन्ही वेळा पाणी खालच्या आळीत घुसलं.

"सुटला! सुटला म्हातारा!" मी खुर्चीवरून उठून नाचायलाच लागलो.

ती हसली नाही. "दोन्ही वेळा घुसलं. पण दारं उघडल्यामुळे एक चित्र आधी घुसलं."

"एक चित्र म्हणजे?"

"अर्धा तास."

मी खाली बसलो. खालच्या आळीतून वरच्या चढावर जायला अर्धा तास म्हणजे चिकार वेळ. माणूस गाय सोडून, दार लावून, शेजाऱ्याला हाक मारून जाईल.

"ते लिहू नकोस," मी म्हटलं.

"लिहिणार."

"अगं, कुणी विचारलंय का तुला? पाऊस पडला होता का एवढंच विचारलंय. पडला होता! पूर आलाच असता! बस झालं की!"

"मी विचारलंय, ओब्राद. स्वतःला."

"तुझ्या ह्या खरेपणापायी बाप मरेल टेबलाशी उभा राहून!"

"मग तो पाऊस तरी खरा कशावरून?" ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "त्याच गणितातून आलाय ना? अर्धा तास लपवला तर पाऊसही मीच बनवलाय असं नाही होणार?"

मी दार आपटून निघून गेलो. मी तापट माणूस आहे, आणि त्या दिवशी मला वाटत होतं माझंच बरोबर आहे.

तिनं आधी वडिलांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाऊस पडला होता हे ऐकून मान हलवली, त्यांना ते माहीतच होतं. अर्ध्या तासाचं ऐकल्यावर विचारलं, "नक्की?"

"नक्की नाही, बाबा. अंदाज आहे. पण याहून चांगला माझ्याकडे नाही."

ते उठून अंगणात गेले आणि अंधार पडेपर्यंत लाकडं फोडत राहिले.

उन्हाळ्याच्या शेवटी गावच्या सभागृहात बैठक झाली. येलावावर पुराचा इशारा देणारा भोंगा बसवायचा होता, त्यासाठी विदानं खोऱ्याची माहिती सांगायची होती. सगळं गाव आलं. विदानं पडद्यावर अकरा चौकोन दाखवले आणि ती दुपार, चित्रामागून चित्र. गोलीना लाल झाला तेव्हा मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "म्हणजे वर पडला होता!" मी मनात म्हटलं, विदा, आता गप्प बस. बाई, गप्प बस.

ती गप्प बसली नाही. अर्धा तासही सांगितला, तसाच स्वच्छ, 'माझ्या वडिलांनी' असं म्हणून.

स्तामेना तिसऱ्या रांगेत होती. काळा रुमाल, हात मांडीवर. ती उठली. "अर्धा तास?"

"हो. थोडा कमी, थोडा जास्त."

स्तामेना निघून गेली. तिच्यामागून माणसं उठली, खुर्च्या वाजल्या, कुणी विदाशी बोललं नाही. मी पडदा गुंडाळत होतो. मी म्हटलं, "झालं समाधान?" ती खुर्च्या रचायला लागली.

तरी मला वाटलं होतं, की येतील. पाऊस तर त्यांनी पडद्यावर डोळ्यांनी बघितला होता. संत जॉर्जच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा गेलो, म्हटलं गर्दीत जागा मिळाली नाही तर उभा राहीन. टेबल मांडलेलं, मेणबत्ती जळतेय, आणि कुणी नाही. दोघंतिघं रस्त्यावरून गेली, मान खाली घालून, आधीपेक्षा भरभर. माणसाला आपण चुकलो हे कळलं, की तो आधी तोंड लपवतो. पूर्वी ते रागानं येत नव्हते, आता शरमेनं. टेबलाला त्यातला फरक कळत नव्हता. मी त्या दिवशी जेवलो नाही. काकांनीही आग्रह केला नाही.

संत मिखाईलचा दिवस त्याच आठवड्यात येतो. ती स्तामेनाच्या घरची स्लावा. मी पोद्वीरला गेलो होतो भोंग्याचा खांब बघायला, आणि विदा अजून वडिलांकडेच होती, म्हणून कॉफीला थांबलो. काका आतून आले ते काळा कोट घालून.

"कुठे निघालात, बाबा?"

"स्तामेनाकडे. स्लावा आहे."

विदाच्या हातातला पेला तसाच राहिला. "बाबा, नको. तिनं बोलावलेलं नाही."

"स्लावाला कुठे बोलावतात?" ते म्हणाले आणि निघाले.

आम्ही दोघं मागोमाग धावलो. काका खालच्या आळीच्या उतारावरून चालले होते, संथ, टोपी हातात. इतक्या वर्षांत त्या आळीत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. खिडक्यांचे पडदे हलत होते. स्तामेनाचं घर पाहुण्यांनी भरलेलं, हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. दारात काका दिसले आणि तो आवाज बंद झाला.

स्तामेना गव्हाचं ताट घेऊन पुढे आली होती, पाहुणा कोण ते न बघताच. बघितल्यावर ती थबकली. ताट तिच्या हातात होतं, पुढेही येईना, मागेही जाईना.

"स्लावा सुखाची होवो, स्तामेना," काका म्हणाले. "मी आत येत नाही. एवढंच सांगायला आलो. पाणी आभाळाचं होतं, पण तो अर्धा तास माझा होता. तो मी मिलिसावचा घेतला. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. आता माहीत आहे."

मला वाटलं ती आता ताट त्यांच्या तोंडावर फेकणार. मी पुढेही झालो.

"नव्हता," स्तामेना म्हणाली.

"काय?"

"तुझा नव्हता तो अर्धा तास." तिचा आवाज इतका बारीक होता, की आत मागे बसलेले उठून दाराशी आले. "तो बाहेर आला होता. आम्ही दोघं आलो होतो, वर, बोरांच्या कुंपणापाशी. पाणी तेव्हा उंबऱ्याला लागत होतं. मी म्हटलं, भट्टीत पाव आहे, काढून आण, जळेल. तो म्हणाला, राहू दे. मी म्हटलं, एवढंसं तर पाणी आहे, पाऊस कुठे पडलाय?" ती थांबली. "मी पाठवला त्याला. पावासाठी. तू दारं उघडली नसतीस, तरी मी त्याला पाठवलंच असतं."

विदानं माझा दंड घट्ट धरला होता. जो तिनं गिळून टाकावा म्हणून मी कचेरीत जिवाचा आटापिटा केला, त्या अर्ध्या तासावाचून हे त्या दारात कधीच उच्चारलं गेलं नसतं, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

"सगळे म्हणायचे, तिहोमीरनं मारला," स्तामेना म्हणाली. "मी म्हणू दिलं. तुला कुणी दोष दिला की मला रात्री झोप लागायची."

मला वाटलं आता म्हातारा बोलेल. इतकी वर्षं टेबलाशी उभा राहिलेला माणूस, काहीही बोलायचा त्याला हक्क होता. बोलला असता तर मी टाळ्या पिटल्या असत्या.

काकांनी ताटातला चमचा घेतला, गहू खाल्ले, क्रूस केला.

"आभाळ निळं होतं गं, स्तामेना," ते म्हणाले. "मीसुद्धा वर बघितलं आणि म्हटलं, पाऊस कुठे पडलाय. कुणालाही तसंच वाटलं असतं."